वादी बसंल इतकंच

पंप सुरू करताना मुल्लाणीमामा बिस्मिल्ला म्हणतात,
मग गेजच्या काचेवर एक टिचकी.
नळीतली हवा पातळ होत जाते.
खिडकीबाहेर विद्यापीठाचे मोर
कुणाशी तरी भांडल्यासारखे ओरडतात.
पाऊण तासाने ऑक्सिजन, अगदी सुईच्या टोकाएवढा,
आणि आत उजेड धरतो.
गुलाबी दिसला की मामा मान हलवतात,
"कुठनं तरी भाईरची हवा शिरतीया. बंद कर."
आज मात्र फिकट आहे,
ताकावरच्या निवळीसारखा.

बशीत चिमूटभर काजळी.
काजळी म्हणते मी, घरी कळावं म्हणून.
खरं तर नळ्या. केस उभा पन्नास हजारदा चिरला
तर एखादीच्या जाडीला येईल.
भिंतीत षटकोनाला षटकोन लागून,
कुठे एक टाका चुकलेला नाही.
इतक्या निर्दोष, की पाणी त्यांना शिवत नाही.
ढवळा, हलवा, रात्रभर ठेवा,
सकाळी सगळ्या वर, एकमेकींना घट्ट बिलगून.

शिवणं.
या शब्दाचे दोन अर्थ
आमच्या घरी कुणाला शाळेत जाऊन शिकावे लागले नाहीत.
आई सुभाषनगरात चपला शिवते,
आणि आजोबांच्या हातचं पाणी
त्यांच्याच चपला घालणाऱ्यांनी घेतलं नाही.

तर, तीस सेकंद.
तेवढ्यात उजेड भिंतीला चावतो,
एखादा कार्बन वायू होऊन निघून जातो,
उरलेल्या भोकाच्या कडेला ऑक्सिजन येऊन बसतो.
त्या कडेला पाणी हात धरतं.
आम्ही याला दोष म्हणतो
आणि मोजून, वेळ लावून, तो पाडतो.

मंगळवारी तिसाचे तीनशे झाले.
भावाचा फोन होता.
चप्पल लाईनीतून चाळीस जोड परत आले,
वादी सुटतीया म्हणून.
आईचा माल परत? मी व्हरांड्यात उभीच राहिले.
आत आले तेव्हा उजेड तसाच,
बशीत निम्मीच काजळी.

पाण्यात सुरेख मिसळली ती. शाईसारखी.
पण मीटरचा काटा हलेना,
वीज या टोकाची त्या टोकाला जाईना.
रामनच्या आलेखात डीचं शिखर
जीच्या डोक्यावर चढून बसलेलं.
कणसे मॅडम म्हणाल्या, हा नमुना तक्त्यात नको.
मी वहीत लिहिलं: तीनशे सेकंद. कारण, फोन.

रात्री आई ढिगासमोर बसलेली,
एकेक वेणी उसवत, तळव्यावर अंगठा फिरवत.
"ही बघ. आरी लई आत गेलीया.
भोक पाडायचं त्ये वादी बसंल इतकंच.
हात मोजत हुता आजवर. आता न्हाई मोजत."
मोबाईलचा उजेड मी तिच्या हातावर धरला.
चष्म्याचं बोलले. तिने ऐकलं नसावं.
"कातडं काय परत भरून येत न्हाई."

उपमा समोरच पडली होती, आयती.
म्हणूनच मी तिला हात लावला नाही.
हे कातडं एका जनावराचं होतं,
ते हिरड्याच्या, बाभळीच्या पाण्यात किती दिवस भिजलं,
आणि चाळीस जोडांचे पैसे
या महिन्यात येणार नव्हते.
माझी काजळी सिलिंडरातल्या वायूतून आलेली,
तिला कुणाचं काही देणं नाही.

आर्गॉनमध्ये हजार अंशांवर तापवलं
तर नळ्यांच्या भिंती थोड्याफार सांधतात, असं वाचलंय.
तिला सांगितलं नाही.
तिच्या शेजारी बसून
उसवलेल्या वाद्या लांबीप्रमाणे लावत राहिले,
बोटांच्या पेरांत काळं अजून होतंच.

उद्या वीस सेकंदांपासून.
फोन मामांकडे देऊन ठेवीन.